उलटा फेर

देवळात नाच आणणारी बाई म्हणून आमच्या बाई अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंत ओळखल्या जायच्या. ओळखणाऱ्यांतले निम्मे कौतुकाने बोलत, निम्मे नाक मुरडून. बाई स्वतः 'नाच' हा शब्द कधी वापरत नसत. त्या 'फेर' म्हणत. आणि देऊळ म्हणजे आमचं, ख्रिस्ती मंडळीचं. कौलारू, सारवलेल्या जमिनीचं, घंटा माडाला टांगलेली. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो.

बाईंच्या फेराचं पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. इतकी वर्षं हे मी कुणाजवळ नीट बोलले नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी मूळची नगरकडची. तापसरीच्या साथीत आठ दिवसांच्या अंतराने आईबाप गेले तेव्हा मी मराठी तिसरीत होते. शाळा तिथेच सुटली. मिशनच्या मडमसाहेबांनी काही वर्षं अनाथगृहात ठेवलं आणि मग कोकणातल्या मुलींच्या बोर्डिंगला स्वयंपाकाला हात हवा आहे म्हणून पाठवून दिलं. मुंबईहून बोट, रेवसला उतरून बैलगाडी. समुद्र मला तेव्हा आवडला नाही, आजही आवडत नाही. सगळीकडे सुकटीचा वास, आणि बायका काय बोलतात ते निम्मं कळायचं नाही. रात्रंदिवस एकच धास्ती, की यांना मी नकोशी झाले तर परत पाठवतील. परत म्हणजे कुठे, ते मलाही सांगता आलं नसतं.

बाई मिशनच्या शास्त्रबाई होत्या. गावोगाव हिंडून घरातल्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. उंच, हाडापेराने मोठ्या, उजव्या गुडघ्यात जरा लंगडत चालायच्या. बोर्डिंगच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत, तिथे त्यांनी मला ठेवून घेतलं. मी भराभर चार घास गिळून ताटावरून उठायची, जास्त खाते असं वाटू नये म्हणून. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बस खाली. तुझ्या मागे कोण लागलंय? भात काय पळून जाणार आहे?" एवढंच. पण त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि त्या जेवणाचे उपकार मी अजून फेडते आहे असं मला वाटतं.

फेर सुरू झाला तो एका गौरीच्या दुपारी. आमच्या बायकांची घरं गावातच, शेजाऱ्यांच्या अंगणाला अंगण लागून. शेजारी गौरीचे फेर चालत, आणि आमच्या बायकांनी ते दिवस दार लावून घरात बसावं असा मंडळीचा नियम होता. त्या दुपारी आम्ही मिठागरात काम करणाऱ्या एका मावशींच्या घरी होतो. पाच-सहा बायका जमल्या होत्या, बाई वाचत होत्या. बाहेर फेराने ताल धरला. आमच्या बायका माना खाली घालून अगदी भक्तीने ऐकत होत्या, पण लुगड्याच्या काठाखाली सगळ्यांचे पाय हलत होते.

बाईंनी वाचन थांबवलं. "ऐकताय की नाचताय?"

मावशी म्हणाल्या, "कान तुमच्याकडंच हाईत बाई. पाय न्हाईत माज्या ताब्यात."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. परतताना खाडीवरच्या लाकडी साकवावर आल्यावर म्हणाल्या, "कान तेवढे बाटवले आपण यांचे. पाय राहूनच गेले."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या बाजूला तोवर कुणी केलं नव्हतं. वर्षभर त्या बायकांची कामं बघत हिंडल्या. बांधावर छत्री घेऊन उभ्या राहायच्या, शेतातल्या बायका टोमणे मारायच्या, "बाई, बघून बघून पीक येत न्हाय, उतरा चिखलात." बाई खरंच उतरायच्या. एक पाऊल बाजूला, एक मागे, मग वाकून रोप टोचायचं. मिठागरात फळी कशी ओढतात, कमरेतून की खांद्यातून, तेही मावशींनी त्यांना शिकवलं. घरी येऊन त्या हे सगळं मला करून दाखवायच्या, माझ्या पायांना बसतं का बघायच्या. "तू परकी आहेस," म्हणायच्या, "तुला जमलं की सगळ्यांना जमेल." ओव्या त्यांनी स्वतः बांधल्या. एक मला अजून येते:

ओंबीत दूध कुणी गं भरिलं,
पाण्यात मीठ कुणी गं पेरिलं.

ढोलकी नाही, घुंगरू नाही. ओळ संपली की एक टाळी, बाकी पावलांचा आवाज. कापणी झाली की आमच्याकडे एक रविवार पिकाच्या उपकाराचा असतो. टेबलावर भाताच्या पेंढ्या, नारळ, काकड्या मांडतात. त्या टेबलाभोवती नऊ बायकांनी फेर धरायचा, असं बाईंच्या मनात होतं. मंडळीच्या पंचांपुढे परवानगी मागायला गेल्या तेव्हा सगळं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पाऊल लावणीचंच आहे, नवीन काही नाही." पंचांत एक गृहस्थ देशावरचे होते. ते ताडकन उभेच राहिले. त्यांना तमाशातली लावणी वाटली. भाताची लावणी, हे समजावता समजावता बाकीच्यांची हसून पुरेवाट झाली, आणि त्या हसण्यातच परवानगी मिळून गेली.

पहिल्या रविवारी मी फेरात दुसरी होते. नुसती पावलं वाजत होती. मावशी माझ्या पुढे. वाकताना त्यांच्या पाठीवरून पलीकडच्या बाकावर बसलेल्या बाई मला दिसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. इतकं सुखी माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर पाहिलं का, तेही आठवावं लागेल.

चार वर्षं हे चाललं. दुसऱ्या गावांच्या बायका यायला लागल्या. कधीही देवळात न येणाऱ्या म्हाताऱ्या त्या एका रविवारी येऊन बसत. बाई म्हणायच्या, "माझं आयुष्य या एका रविवारावर उभं आहे गं. बाकीचे एकावन्न मी चालत असते." ते खरंच होतं. त्यांना ना मूल ना माणूस, दुसरं काही त्यांनी मागितलं नाही.

पाचव्या वर्षी पाळक बदलले. नवे पाळक वाईट नव्हते, घाबरट होते. मीही घाबरट, म्हणून मला ते लगेच ओळखू आलं. मुंबईहून कुणी पाहुणे फेर बघून गेले होते आणि वरच्या मंडळीत त्यांनी तक्रार केली होती, की तुमच्या देवळात बायका टेबलाला प्रदक्षिणा घालतात.

पाळक आणि पंचांची बैठक बाईंच्याच खोलीत झाली. मी चहा देत होते.

"टेबलाला उजवा हात ठेवून फिरता ना?" पाळकांनी विचारलं.

"पाय जसे वळले तसे फिरतो."

"म्हणजे उजवा हातच. ही प्रदक्षिणाच झाली, बाई."

"मधे मूर्ती नाही. काकड्या आहेत."

"बाहेरून बघणाऱ्याला काकड्या दिसत नाहीत, फिरणं दिसतं. ओळीत उभ्या राहा ना. ओळीत काय बिघडतं?"

"ओळीत पलटण उभी राहते, पाळकसाहेब."

"मग मला बंद करावं लागेल. वरून विचारणा झाली आहे, मी काय करू? तुमच्या नोकरीचाही प्रश्न निघेल, मग मला बोल लावू नका."

बाईंची नोकरी गेली तर या दोन खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या तर मी. सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि कुणी विचारलं नसताना मी बोलून गेले, "उलटं फिरलं तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे डावा हात टेबलाकडे. मग प्रदक्षिणा नाही ना होणार?"

पाळकांचा चेहरा उजळला. "बघा. पोरगी साधी आहे पण डोकं आहे. असं लिहून कळवता येईल मला."

बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चालेल." ते 'चालेल' किती उशिराने आलं हे मला पुढे कळलं. तेव्हा मी नुसती खूश होते. मी त्यांच्या उपयोगी पडले होते.

सराव बोर्डिंगच्या परसात सुरू झाला. पहिल्या दिवसापासून बायकांचे पाय अडकायला लागले. चार वर्षांची सवय, होईल दोन दिवसांत, असं मी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मावशी मध्येच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, ह्ये फिरणं बरं न्हाय."

मीच विचारलं, "का, मावशी?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"पण का ते सांगाल ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी भर अंगणात काहीतरी घाण बोलले आहे. "दात हाईत न्हव्हं तोंडात? जीभ आवर. म्होरं बोलू नगं." आणि फेरात परत उभ्या राहिल्या, कारण बाईंना नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. त्यांची सूनही फेरात होती, पाचवा महिना चाललेली. तिला त्यांनी हाताला धरून बाजूला नेऊन बसवलं. रविवारी मात्र माणसं कमी पडली, तेव्हा ती आपण होऊन उठली. "मला काय होतंय," म्हणाली.

दरवर्षीप्रमाणे गावातली माणसं खिडक्यांशी उभी होती. फेर सुरू झाला. डावा हात टेबलाकडे. दुसऱ्या ओवीला खिडकीतून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. टिंगल नव्हती त्यात, तो खरंच विचारत होता.

"कोण गेलं हो?"

बायका थांबल्या. एकीने तोंडाला पदर लावला. टाळी वाजायची होती ती वाजलीच नाही. मावशींनी सुनेला धरून तडक बाहेर काढलं. मी एकटी अर्धी वाकलेली, हात जमिनीला लावून, आणि मला काही कळेना.

कळलं ते संध्याकाळी, बोर्डिंगच्या पाणी भरणाऱ्या बाईने विहिरीवर सांगितलं तेव्हा. इथे चितेला डावा हात ठेवून फिरतात. उलटं फिरणं मयताचं. पाच वर्षांचं पोरही उलटं फिरलं तर पाठीत धपाटा बसतो. आमच्या बायका दोन पिढ्यांच्या ख्रिस्ती, त्यांच्याकडे चिता नसते, पण शेजाऱ्यांकडे असते, आजोळी असते. आणि मयताचा नुसता उच्चारही अभद्र, म्हणून सरावात कुणी तोंड उघडलं नव्हतं. माझ्या मुलखात आमच्या लोकांत माणूस पुरत, आणि मी वाढले अनाथगृहात. मला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

मावशींच्या सुनेला दोन महिन्यांनी मेलेलं मूल झालं.

त्या दिवशी सकाळी मावशी बाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि त्या मलाच पडायला हव्यात असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "पाळक म्हनतात बाप्तिस्मा न्हवता, उपासना न्हाय करायची. नुसतं पुरा म्हनतात. कुत्र्यावानी पुरू का मी त्येला?"

बाई उठून दारापाशी आल्या.

"तुमचा त्यो फेर घ्या. उलटा. त्येला येवढं तरी पायजे."

बाईंनी छत्री घेतली आणि निघाल्या. मी मागून. दफनभूमी खाजणाच्या खारवट दलदलीच्या कडेला होती, आम्ही चार-पाच जणीच होतो. मावशींच्या मुलाने हातभर खड्डा केला. बाईंनी भाताचं पाऊल घेतलं नाही, वाकणं काढून टाकलं, नुसतं चालणं ठेवलं. ओवीही नाही. डावा हात मातीकडे ठेवून आम्ही फिरलो, सात वेळा की नऊ, कुणी मोजलं नाही. मावशी पुढे होत्या, आणि या वेळी त्यांचे पाय कुठेही अडकले नाहीत.

परतताना मी रडत म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी बोललेच नसते तर."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उलटं म्हणजे काय ते. माझ्या आजोबांना घरापुढच्या शेताच्या कडेला अग्नी दिला होता, दारातून बघितलं होतं मी. तू बोललीस तेव्हाच आठवलं. म्हटलं आपल्या बायकांना आता कुठे लक्षात असणार. फेर राहावा एवढंच डोळ्यांपुढे होतं." मग म्हणाल्या, "तू नको घेऊस हे अंगावर. हो मी म्हटलं, तू नाही." अशा माणसाचे उपकार कसे फेडायचे असतात ते मला कुणी सांगावं.

त्यानंतर बोलावणी यायला लागली. मिठावरून सरकारशी गडबड झाली ते वर्ष, त्याच्या पुढचं, त्याच्याही पुढचं. कुठे कुणी गेलं की उपासना पाळक करायचे, आणि ते पाठमोरे झाले की बायका म्हणायच्या, "बाई, आता आपला फेर." बाईंनी कधी नाही म्हटलं नाही. गुडघा सुजलेला असला तरी जायच्या. माझं लग्न त्यांनीच मिशनच्या सुताराशी लावून दिलं होतं. माझी पहिली दोन मुलं जगली नाहीत. दुसऱ्याच्या वेळी मी अंथरुणावर होते, मला नेलं नाही. पण बाई आल्या, पायांना माती लागलेली होती. न धुता माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "घेतला हं फेर. नीट घेतला." मला त्याने फार बरं वाटलं. आता लिहितानाही वाटतं.

पण कापणीचा फेर त्या विसरल्या नव्हत्या. दरवर्षी पंचांकडे जायच्या, उजव्या हाताने फिरू द्या म्हणायच्या, आणि दरवर्षी पाळक वरच्यांचं नाव सांगायचे. शेवटी वरचे साहेब बदलले. नव्यांना म्हणे देशी पद्धतींची आवड होती. त्यांनी लिहून पाठवलं, की हरकत नाही, कसेही फिरा. पाळक स्वतः ते सांगायला आले. बाई त्या दिवशी माझ्याकडे आल्या आणि चुलीपाशी बसून हसत राहिल्या. केस पांढरे झाले होते, पण हसणं पहिल्या रविवारचंच. "आता सुलटा फेर, बघ. नऊ बायका. तू दुसरी."

बायका सरावाला 'येतो येतो' म्हणाल्या आणि आल्या नाहीत. बाईंना वाटलं कामं असतील. रविवारी देवळात सगळ्या हजर होत्या. बाकं हलवली होती, टेबल मधे होतं. ठरल्या वेळी बाई टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघितलं.

कुणी उठेना.

बाईंनी मावशींकडे बघितलं. मावशी खाली मान घालून हळूच म्हणाल्या, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं, "त्यो मयताचा हाय बाई. पिकाला कसा घ्यावा?"

"मावशी, सुलटा आहे. उजवा हात टेबलाकडे. पहिल्यासारखा."

"फेर त्योच न्हव्हं? माज्या नातवाभवती फिरले मी त्यात. लेकरंबाळं हाईत घरात. रागवू नगा."

मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला सहावा महिना होता, आधीची दोन गेल्यानंतरचा. मी मिशनमध्ये वाढलेली, अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. बाईंनी मला वाढवलं, त्या सांगतील ते मी करीन असंही सांगत असे. दोन्ही हातांनी मी बाकाची कड धरली होती. उठायचं होतं. माझ्या दुसऱ्या मुलाभोवती फिरलेली ती पावलं मी कधी पाहिली नव्हती, पण त्या क्षणी ती मला दिसत होती. मी उठले नाही.

बाईंना दिसलं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बस तू. तुला नाही म्हटलं मी."

मग त्यांनी टेबलावरची एक पेंढी घसरायला आली होती ती सरळ केली, पाळकांना मानेने खूण केली आणि जाऊन मागच्या बाकावर बसल्या. बाजाची पेटी सुरू झाली. आम्ही उभं राहून गीत म्हटलं, बाईंनीही म्हटलं.

माझी मुलगी माघात झाली आणि जगली. बाई बघायला आल्या. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, तर पोरीला मांडीवर घेत म्हणाल्या, "तेल आण जरा. कातडी बघ किती कोरडी पडली आहे हिची." मी वाटी आणली. त्यांनी तिला डोक्यापासून टाचेपर्यंत तेल लावलं, सावकाश, आणि माझ्याकडे दिली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

मयताची बोलावणी येत राहिली, त्या जात राहिल्या. पुढच्या कापणीच्या रविवारी बाकं हलवायची का, असं विचारायला पाळकांनी माणूस पाठवला. बाईंनी "नको" म्हणून सांगितलं.